मुदतीबाहेर

लिफाफा आला तेव्हा ताईंच्या हाताशी ब्युरेटची तोटी होती आणि सकाळपासूनचा तो एकोणिसावा नमुना होता. पाण्याचा कठीणपणा मोजताना फ्लास्कमधलं पाणी आधी जांभळट लाल दिसतं, वरून थेंब पडत राहतात, आणि मग कुठल्यातरी एका थेंबाला ते निळं होतं. तो थेंब हुकला की सगळं मोरीत ओतायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणून शिपाई "ताई, तुमच्या नावाचं आहे, सही लागेल," म्हणाला तेव्हा त्यांनी वर न बघता कोपरानेच टेबलाची कड दाखवली. एकोणिसावा निळा झाला. त्यांनी आकडा वहीत लिहिला, हात धुतले, कोटाला पुसले आणि मग लिफाफ्यावरचं आपलं नाव वाचलं. नावाखाली लिहिलं होतं: अध्यक्ष, तक्रार निवारण समिती. हे पद त्यांच्याकडे सहा वर्षांपूर्वी आलं होतं. कामाच्या जागी बायकांना त्रास झाला तर दाद मागायला समिती हवी आणि तिची अध्यक्ष नोकरीतली ज्येष्ठ बाई हवी, असं कायदा म्हणतो, आणि पाणी तपासण्याच्या त्या प्रयोगशाळेत त्यांच्याइतकी जुनी बाई दुसरी नव्हती. "ताई, घाबरू नका, शोभेचं पद आहे," असं तेव्हा कुणीतरी म्हणालंही होतं. दर वर्षाच्या शेवटी एक छापील कागद यायचा. 'प्राप्त तक्रारी' या शब्दांपुढे त्या 'निरंक' लिहायच्या आणि सही करायच्या. सहा वेळा लिहिलं. हा शब्द त्यांना आवडायचासुद्धा. धुऊन पालथ्या घातलेल्या काचेच्या भांड्यासारखा तो स्वच्छ वाटायचा.

तक्रार हाताने लिहिलेली होती, साडेतीन पानांची. लिहिणारी होती नवी. ती मुलगी लागून दोन वर्षं झाली होती, पण तिच्यानंतर कुणाची भरतीच झाली नाही, त्यामुळे ती सगळ्यांसाठी नवीच राहिली होती. तक्रार होती साहेबांविरुद्ध, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांविरुद्ध. ताईंनी पहिलं पान वाचलं. पाच महिन्यांपूर्वीची तारीख, सकाळची वेळ, तराजूची खोली. साहेब मागून आले, दार लावून घेतलं, वजन कसं करायचं ते दाखवतो म्हणून त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला, दुसरा हात कमरेवर आला, तिथून वर सरकला. मी सर नको म्हणाले. ते म्हणाले, हलू नकोस, काटा हलेल. हे सगळं नवीने असं लिहिलं होतं की जणू नमुना कुठून घेतला, किती वाजता घेतला आणि बाटलीवर चिठ्ठी कुणी लावली हेच ती सांगते आहे. ताईंनी पान उलटलं. दुसऱ्या पानावर चौथ्या ओळीत त्या स्वतः होत्या. 'त्याच दिवशी दुपारी मी हे ताईंना सांगितलं. ताई म्हणाल्या, दार उघडं ठेवत जा, आणि साहेब मीटिंगला गेले की वजनं कर. मी चार दिवस दार उघडं ठेवून काम केलं. वाऱ्याने काटा स्थिर होईना. पाचव्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, साधं दार लावायची अक्कल नाही का? तेव्हापासून मी दार लावते आणि घाई करते.'

त्यांनी ती ओळ वाचली आणि पुढचीही वाचली. कुणी बघत असतं तर त्याला वाटलं असतं, बाई वीजबिल वाचतायत. साडेतीन पानं संपवून त्यांनी कागद होते तशा घड्या घालून लिफाफ्यात ठेवले, आणि विसावा नमुना घेतला. तो कुठल्याशा शाळेच्या टाकीचा होता. पिपेटने मोजून पाणी घेतलं, रंग टाकला, तोटी सैल केली. थेंब पडत राहिले आणि ताईंना आठवत राहिलं की ती मुलगी त्या दुपारी नेमकी कुठे उभी होती. टेबलाच्या डाव्या अंगाला, मोरीपाशी. हातात रिकामा बीकर धरून. "ताई, एक सांगायचं होतं," म्हणाली होती. ताई तेव्हाही थेंबच बघत होत्या. पोरीने सांगितलं ते सगळं त्यांनी ऐकलं होतं. ऐकलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. कारण ऐकता ऐकताच त्यांच्या मनात एक तयार उत्तर पुढे आलं होतं. गिऱ्हाईक दिसताच दुकानदाराचा हात नेमक्या फळीवर जावा, तसं. "दार उघडं ठेवत जा. आणि ते मीटिंगला गेले की मग वजनं करायची." आणखी काय बोलल्या होत्या? हो, बोलल्या होत्या. "आणि फार मनाला लावून घेऊ नकोस." मुलीने हे तिसरं वाक्य तक्रारीत लिहिलेलं नव्हतं. ती विसरली असेल किंवा तिने दया केली असेल. विसावा नमुना निळा झाला, आणि तो नेमका कुठल्या थेंबाला झाला हे ताईंना सांगता आलं नसतं. त्यांनी तो ओतून दिला.

तराजूची ती खोली म्हणजे जिन्याखालची एक अडगळ होती. आत दगडी ओटा, ओट्यावर काचेच्या पेटीतला तराजू, एक स्टूल. पंखा नाही, खिडकी नाही. खोलीत कुणी जोरात उसासा टाकला तरी काटा डळमळतो. दार लावल्याशिवाय तिथे काम होतच नाही, हे प्रयोगशाळेतल्या झाडूवाल्यालाही ठाऊक. आणि ताईंनी सत्तावीस वर्षं काढलेली. म्हणजे जो सल्ला त्यांनी दिला तो चालणार नाही हे त्यांना देतानाच माहीत होतं. मग दिला कशाला? त्या संध्याकाळी बसथांब्यावर उभं राहून ताई हा प्रश्न स्वतःला विचारत राहिल्या, आणि प्रश्न आपल्याला नसून शेजारच्या छत्रीवाल्या बाईला आहे असं त्यांना वाटत राहिलं. दोन बस गेल्या. तिसरीत त्या चढल्या.

घरी नवरा खिडकीशी बसला होता. बत्तीस वर्षं त्याने बस चालवली. गुडघ्यांनी दगा दिल्यावर खिडकीत बसून रस्त्यावरच्या बसच्या नुसत्या आवाजावरून चालवणाऱ्याची लायकी ठरवणं एवढंच काम त्याला उरलं होतं. "हा बघ, हा ब्रेक मारतोय की माशी मारतोय?" तो म्हणाला. ताई हसल्या. सवयीने हसल्या. जेवताना त्या म्हणाल्या, "कमिटीचं काम आलंय." "म्हणजे त्या शोभेच्या कमिटीचं?" "हो." कुणाची तक्रार, कुणाविरुद्ध, हे बाहेर सांगायचं नसतं, कायद्यातच तसं आहे. त्यामुळे नवऱ्याने पुढे विचारलं नाही आणि ताईंना बरं वाटलं. गप्प बसायला एकदा कायद्याचा आधार मिळाला की किती हलकं वाटतं! त्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं की आपण इतकी वर्षं गप्प होतो ते कसलाही आधार नसताना.

कायद्याची प्रत त्यांच्या खणात होती, परीक्षानळ्या घासायच्या ब्रशांखाली, एका कडेने ओली होऊन वाळलेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती बाहेर काढून पहिल्यांदा पहिल्या ओळीपासून वाचली. अंगाला हात लावणं, लगट करणं. शरीरसुखाची मागणी, मग ती उघड असो की आडून. अश्लील शेरे. अश्लील चित्रं दाखवणं. आणि या सगळ्याच्या शेवटी, असं दुसरं कोणतंही नकोसं वागणं, कृतीने, बोलण्याने किंवा नुसत्या खाणाखुणांनी. 'नकोसं' या शब्दापाशी त्या थांबल्या. कायद्यात असे शब्द असतात हे त्यांना माहीत नव्हतं. कायद्याचे शब्द म्हणजे कसे, तोंडात घोळवले तर दात दुखावेत असे. हा तर घरातला शब्द होता, तापात पोरं भात पुढे केल्यावर म्हणतात तो. करणाऱ्याच्या मनात काय होतं हे आधी बघायचं नाही, जिच्या वाट्याला आलं तिला ते हवंसं होतं की नकोसं, तिथून सुरुवात करायची. इतकं साधं. पुढे मुदतीचं कलम होतं. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करावी. तक्रारदाराला तोवर तक्रार करता आली नाही असं समितीला पटलं, तर आणखी तीन महिने देता येतील, मात्र कारण लिहून ठेवावं लागेल. ताईंनी बोटांवर महिने मोजले. पाच. कारण लिहून ठेवावं लागेल.

कारण कोणतं ते त्यांना माहीत होतं. ते ब्युरेटसमोर बसलं होतं.

समितीची पहिली बैठक झाली ती मधल्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत. एक ताई, दुसरे स्टोअरकीपर, तिसऱ्या जंतुतपासणी विभागाच्या बाई, आणि बाहेरच्या सदस्य म्हणून वकीलबाई. वकीलबाई किरकोळ अंगाच्या, साठीच्या. येताना स्वतःचं पेन आणि स्वतःचा पाण्याचा तांब्या घेऊन येणाऱ्या. "तुमच्या पाण्यावर अविश्वास नाही हं," त्या हसून म्हणाल्या, "पण तुम्हीच ते तपासता म्हटल्यावर जरा भीती वाटते." स्टोअरकीपर मनापासून हसले. ते वाईट गृहस्थ नव्हते. कुणाचं वाईट व्हावं असं त्यांना कधी वाटलं नसेल, आणि म्हणूनच कदाचित कुठलीही गोष्ट लवकर मिटावी अशी त्यांना घाई असायची. "पहिली घटना पाच महिन्यांपूर्वीची, म्हणजे मुदतीबाहेर," ते म्हणाले. "दुसरी बाब, साहेबांनी तिला बाहेरगावच्या प्रशिक्षणाला आपल्याबरोबर चल म्हटलं, ती नाही म्हणाली, मग तिचं नाव कापलं आणि गोपनीय अहवालात 'कामात लक्ष नाही' असा शेरा मारला. ही काय, कारभाराची बाब झाली. आपल्या कक्षेत येत नाही. सापही मेला, काठीही वाचली." वकीलबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "पहिली घटना धरली तर दुसरीला अर्थ आहे," त्या म्हणाल्या. "पहिली सोडली तर दुसरी नुसती चिडचिड वाटेल. उशिराचं काही कारण दिलंय का तिने?" जंतुविभागाच्या बाई कागद चाळू लागल्या. दुसरं पान त्यांच्या हातात आलं, नजर खाली सरकली, आणि चौथ्या ओळीवर थांबली. त्यांनी ताईंकडे बघितलं आणि लगेच खाली बघितलं. "पुढच्या बैठकीत बघू," ताई म्हणाल्या. अध्यक्ष म्हणून तसं म्हणण्याचा त्यांना अधिकार होता.

त्या दुपारी साहेब त्यांच्या टेबलापाशी आले. नोटीस त्यांना मिळाली होती, कायद्याप्रमाणे तक्रारीची प्रतही मिळाली होती. ते नेहमीसारखे स्टूल ओढून बसले, ताईंच्या चष्म्याकडे बघून म्हणाले, "नंबर वाढलेला दिसतोय." ताईंना या माणसाचा राग यायला हवा होता. तो कुठून आणायचा ते त्यांना कळेना. नवऱ्याच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी हाच माणूस दोन दिवस इस्पितळाच्या बाकावर बसून होता. रक्ताची एक बाटली त्याच्या अंगातली होती. "पोर लहान आहे, ताई," साहेब हळू आवाजात म्हणाले. "कामात कच्ची आहे, बोललो की लागतं तिला. शिकवायला गेलो तर हे. आता तुम्हीच सांगा, तुम्ही एवढी वर्षं बघताय मला, कधी काही वावगं?" ताई वहीत आकडा लिहीत राहिल्या. "तुम्ही अध्यक्ष आहात म्हणून मी निर्धास्त आहे," ते उठता उठता म्हणाले, आणि त्यांनी ताईंच्या खांद्यावर हलकेच थोपटलं. थोपटणं अगदी साधं होतं. भावाने बहिणीला थोपटावं तसं. पण त्यांचा हात उचलला गेल्यावर ताईंच्या लक्षात आलं की आपला उजवा हात आपोआप कोटाच्या वरच्या गुंडीकडे गेला होता. ती गुंडी लावलेलीच होती. सत्तावीस वर्षं ती कायम लावलेली असायची. भर उन्हाळ्यात त्या गळ्यापर्यंत बंद कोट घालून बसायच्या म्हणून प्रयोगशाळेतली पोरं त्यांना मागे 'थर्मास' म्हणायची, हेही त्यांना ठाऊक होतं.

ती गुंडी आली कुठून, तर नोकरीच्या पहिल्या वर्षातून. तेव्हाचे प्रमुख हे नव्हते, दुसरे होते. मोठे विद्वान, पाण्यावरचं त्यांचं पुस्तक कॉलेजात अभ्यासाला लावलेलं असायचं. ॲसिडची कोठी तळघरात होती. ताईंना, तेव्हा त्यांनाही नवीच म्हणत, एक बाटली आणायला पाठवलं होतं. मागोमाग ते आले. पुढचं आठवताना ताईंना नेहमी एकच गोष्ट दिसायची. समोरच्या फडताळावरच्या बाटलीची चिठ्ठी, तिच्यावरचा पिवळा डाग, डागाखाली अर्धं झाकलेलं एक अक्षर. ते अक्षर 'ध' आहे की 'घ' हे त्या ठरवत होत्या. मागे काय चाललं होतं ते अंगाला कळत होतं, डोक्यापर्यंत येत नव्हतं. मग जिन्यावर कुणाचीतरी पावलं वाजली आणि ते बाजूला झाले, म्हणाले, "सापडली का बाटली?" आणि त्या म्हणाल्या, "हो सर." तिने, म्हणजे त्या नव्या मुलीने, हो सर म्हटलं. त्यानंतर तिने हळूहळू एक शास्त्रच तयार केलं. कोठीत जाताना किल्ल्या वाजवत जायचं. शिपायाला बरोबर घ्यायचं, नसेल तर हाका मारत राहायचं. पाठ भिंतीला. कोट गळ्यापर्यंत. आणि दार उघडं. ते विद्वान निवृत्त होईपर्यंत अकरा वर्षं हे शास्त्र चाललं आणि त्यात आणखी फक्त दोनदा खंड पडला. दोनदाच. याचा त्यांना मनातून अभिमान होता, हे त्यांना आज कळत होतं. एखाद्या अवघड परीक्षेत आपण कमी चुका केल्या याचा असतो तसा अभिमान. आणि मोरीपाशी बीकर धरून उभ्या असलेल्या मुलीला त्यांनी तीच विद्या दिली होती, आपल्याजवळची होती नव्हती ती सगळी, चांगल्या मनाने.

रविवारी सकाळी ताईंच्या स्वतःच्या मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात एका कंपनीत होती, नवीहून एखाद्या वर्षाने मोठी. हवापाणी झालं, वडिलांचे गुडघे झाले. मग ताईंनी एकदम विचारलं, "तुला तिथे ऑफिसात कुणी त्रास नाही ना देत?" "आज हे कुठून आलं, आई?" "सहज." "झालं होतं एकदा," मुलगी म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी. पहिल्या नोकरीत. म्हणून तर ती सोडली." "तू म्हणालीस पगार कमी आहे म्हणून सोडली." "हो, तसं म्हणाले." "मला का नाही सांगितलंस?" मुलगी हसली. त्या हसण्यात राग नव्हता, हीच पंचाईत होती. "काय सांगायचं आई? शिकवणीला जायला लागले तेव्हापासून तू मला एकच सांगत आलीस, दार उघडं ठेवून बस. मला वाटलं, तू विचारशील, दार उघडं होतं का? आणि नव्हतं गं. लिफ्ट होती ती." ताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग मुलगी कुठल्याशा नव्या पडद्यांबद्दल बोलायला लागली आणि ताई हो हो म्हणत राहिल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी मटारच्या शेंगा सोलायला घेतल्या. बऱ्याच वेळाने नवऱ्याने जवळ येऊन बघितलं तेव्हा त्या टरफलं पातेल्यात टाकत होत्या आणि दाणे कचऱ्यात.

त्याने कचऱ्यातले दाणे वेचले, धुतले. मग समोर बसला, गुडघा लांब करून. "एखादी गोष्ट सत्तावीस वर्षं सांगितलीच नाही," ताई म्हणाल्या, "तर ती नंतर सांगण्यात काही अर्थ असतो का?" खालून एक बस गेली, तिच्याबद्दल तो काही म्हणाला नाही. "तू तो कोट उन्हाळ्यातसुद्धा गळ्यापर्यंत लावतेस," तो म्हणाला. "मी धुतलाय तो कितीदा. वरच्या गुंडीचा दोरा सगळ्यात आधी झिजतो. मी कधी विचारलं नाही. वाटलं, सांगायचं असेल तर सांगशील. विचारायला हवं होतं का?" "माहीत नाही," त्या म्हणाल्या. ते खरं होतं.

सोमवारी त्यांनी वरच्या कार्यालयाला तीन ओळींचं पत्र लिहिलं. सदर प्रकरणात मी साक्षीदार आहे, त्यामुळे अध्यक्ष राहू शकत नाही, दुसरी नेमणूक व्हावी. स्टोअरकीपरना कळलं तसे ते धावत आले. "ताई, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेता? ती ओळ कुणाच्या लक्षात यायची नाही. आणि आली तरी तुम्ही म्हणायचं, बाई गं, मला नीट ऐकू आलं नाही, मशीन चालू होतं." "मशीन चालू नव्हतं," ताई म्हणाल्या. "पण साहेबांनी तुमच्यासाठी…" "रक्त दिलं. माहितेय." "मग?" ताईंनी या 'मग'चा विचार केला. खरोखर केला. "मग काही नाही," त्या म्हणाल्या. "ते त्यांनी दिलं. आणि हेही त्यांनी केलं."

निकालाचं इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण ताईंना त्याची बातमी लागली तेव्हा त्या इनक्युबेटरमधल्या जंतू वाढवायच्या बशा मोजत होत्या आणि मोजणी त्यांनी मधेच सोडली नाही. जंतुविभागाच्या बाई अध्यक्ष झाल्या. चौकशी नव्वद दिवसांत पुरी झाली. तेवढ्या काळापुरती साहेबांना दुसऱ्या इमारतीत खुर्ची दिली होती. उशिराचं कारण समितीने ग्राह्य धरलं, ते अहवालात नमूद केलं, तक्रार सिद्ध झाली असं लिहिलं. साहेबांना हुद्द्याची एक पायरी उतरवून लांबच्या शाखेत धाडलं. त्यांनी वर अपील केलं, ते अजून पडून आहे. निरोपाच्या चहाला निम्मी प्रयोगशाळा गेली. ताईंबरोबर डबा खाणाऱ्या दोघीजणी आता वरच्या मजल्यावर डबा खातात. 'ज्यांच्या रक्तावर नवरा उठून चालू लागला' असं कुणीतरी मागून म्हणालं, ते ताईंनी ऐकलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. नवीचा गोपनीय अहवाल नव्याने लिहिला गेला. ती प्रशिक्षणाला जाऊन आली. तराजूची खोली जिन्याखालून हलवली, आता तिला काचेचं दार आहे. नवी कामापुरतं बोलते. एकदा ताईंनी विचारलं, "राग आहे का माझ्यावर?" ती म्हणाली, "आहे." मग बाटल्यांच्या चिठ्ठ्या चिकटवत राहिली. ताईंना ते उत्तर एखाद्या नीट केलेल्या मापासारखं वाटलं. कमी नाही, जास्त नाही.

पण हे सगळं नंतरचं. साक्षीचा दिवस नवी नेमणूक झाल्यानंतरचा मंगळवार होता. बैठकीच्या खोलीत ताई या वेळी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसल्या. खुर्ची तशीच, पण इथून खिडकी पाठीमागे येत होती आणि समोरच्यांचे चेहरे उजेडात होते. त्यांनी सांगितलं. तारीख, दुपारची वेळ, मुलगी कुठे उभी होती, तिने काय सांगितलं, आपण काय उत्तर दिलं. तक्रारीत नसलेलं तिसरं वाक्यही सांगितलं. आवाज सपाट होता, नमुन्यांचे आकडे वाचून दाखवताना असतो तसा. वकीलबाई लिहून घेत होत्या. "त्या खोलीचं दार उघडं ठेवता येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?" "होतं." "मग तसा सल्ला का दिलात?" स्टोअरकीपर हातातल्या कागदाची कड दुमडत होते. "मला तेवढंच येत होतं," ताई म्हणाल्या. "मी तेच करून राहिले."

वकीलबाईंचं पेन थांबलं. "म्हणजे?" ताईंनी सांगितलं. तळघर, बाटली, अकरा वर्षं. फार वेळ लागला नाही. इतक्या वर्षांची गोष्ट चहा निवायच्या आत सांगून झाली याचंच त्यांना नवल वाटलं. जंतुविभागाच्या बाईंनी डोळे मिटून घेतले होते. "ताई," वकीलबाई म्हणाल्या. त्यांनी पहिल्यांदाच ताई म्हटलं, एरवी मॅडम म्हणायच्या. "हे या चौकशीत येत नाही. मुदतीच्या तर फारच बाहेर आहे. त्यावर कुणाला काही करता येणार नाही. पण तिला गप्प का बसवलं गेलं, याचं कारण म्हणून मी लिहू शकते. तुमची इच्छा असेल तरच. लिहू का?"

"लिहा."

लिहून झाल्यावर जबानी वाचून दाखवायची पद्धत असते. वकीलबाईंनी चष्मा नीट केला आणि वाचायला लागल्या. ताई ऐकत होत्या. त्यांचं बोलणं कागदावर जाऊन कडक इस्त्रीचं होऊन आलं होतं. साक्षीदाराने सांगितले की अमुक दिवशी अमुक वाजता. साक्षीदाराने असेही सांगितले की. त्यातली साक्षीदार कुणी दुसरीच बाई वाटत होती, आणि तसंच चाललं असतं तर ताई सही करून खाली निघून गेल्या असत्या. टेबलावर सहा नमुने वाट बघत होते. "साक्षीदार स्वतः नोकरीस नवीन असताना," वकीलबाई वाचत होत्या, "तिच्याबाबतीत तळघरातील कोठीत अनुचित प्रकार घडला…"

"थांबा," ताई म्हणाल्या.

सगळ्यांनी वर बघितलं. ताईंनी दोन्ही हात टेबलावर पुढे ठेवले.

"घडला नाही," त्या म्हणाल्या. "घडला कसा? पाऊस पडतो, भूकंप होतो. हा केला. केला असं लिहा."

वकीलबाईंनी 'घडला' हा शब्द एका रेघेने खोडला, वर 'केला' लिहिलं, आणि बाजूला छोटी सही करायला कागद पुढे सरकवला. ताईंनी सही केली. मग वकीलबाईंनी कागद परत ओढून घेतला आणि ते वाक्य पुन्हा मनाशी वाचलं. नुसता शब्द बदलून भागत नव्हतं, वाक्याला आता कर्ता हवा होता.

"कोणी?" त्यांनी विचारलं.

ताईंनी नाव सांगितलं. सगळं सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, आणि वकीलबाई पुरं लिहून होईपर्यंत एकेक अक्षर सुटं करून पुन्हा सांगितलं.